एका गोड पानाची कैफियत

दिवाळी अंकात साखरेबद्दल वाकडे लिहिणे म्हणजे लग्नघरी जाऊन वरमाईचे दोष मोजण्यासारखे आहे. त्यातून मी राहते सांगलीला. इथे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात, उसाने लादलेल्या गाड्या रस्ते अडवतात, आणि वारा फिरला की मळीचा आंबूस वास थेट देवघरापर्यंत येऊन पोचतो. माझे माहेरही उसाचेच. माझ्या कॉलेजची फी उसाच्या बिलातून भरली गेली आणि माझ्या लग्नाचा मांडव उसाच्या बिलावर उचल घेऊन पडला. तेव्हा साखरेशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकते. खाल्ल्या मिठाला जागावे, तसे खाल्ल्या साखरेलाही जागले पाहिजे.

माझे भांडण आहे ते साखरेच्या नव्या सवतीवरून. सवतीशी म्हणत नाही, सवतीवरून म्हणते. कारण ती बिचारी निरपराध आहे. तिला नटवून, तिच्या तोंडी नाही ते घालून घरोघर फिरवणाऱ्यांशी माझा तंटा आहे. स्टीव्हिया तिचे नाव. आमच्या गच्चीवर ती सहा वर्षे नांदते आहे. तीस वर्षे मी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवले, त्या अधिकाराने म्हणा किंवा रोज सकाळी तिची दोन पाने खुडते त्या ऋणाने म्हणा, तिची कैफियत मांडणे मला भाग आहे.

झाले असे. आमच्या ह्यांना बारा वर्षांपासून मधुमेह. मनुष्य अत्यंत शहाणा. फक्त लाडू दिसला की शहाणपण पायरीवर काढून ठेवून आत येणारा. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला वन्सं आल्या त्या हातात एक देखणी पेटी घेऊन. पेटीवर हिरवे पान आणि वर सोनेरी अक्षरांत 'स्टीव्हियाचे बेसन लाडू, साखर अजिबात नाही'. कुठल्या दुकानातले ते सांगत नाही. दुकान एक असते तर सांगितलेही असते. वन्संचा हेतू सोन्यासारखा होता. बारा वर्षे भाऊ ओवाळणीच्या ताटातला लाडू नुसता डोळ्यांनी खातो, हे त्यांना बघवत नव्हते. त्या म्हणाल्या, "वहिनी, यंदा तरी त्याला पोटभर खाऊ दे. पाल्याचे आहेत, बाधायचे नाहीत."

पाल्याचे! मी तोंड उघडले तोच भाचा म्हणाला, "मामी, एकदम नॅचरल आहे." या शब्दापुढे हल्ली कुणाचेच काही चालत नाही. धोतराही नॅचरलच, पण ते म्हणायची सोय नव्हती, सणाचा दिवस. ह्यांनी एक लाडू खाल्ला, मग दुसरा. दुपारी मी आडवी झाले असताना आणखी दोन खाल्ले, हे मला पेटीतल्या रिकाम्या वाट्यांवरून कळले. संध्याकाळी डोके जड, घशाला कोरड. यंत्रावर बोटाचे रक्त धरले तर आकडा २८६. ह्यांचा चेहरा मी विसरणार नाही. साखर चढल्याचे दुःख त्यात नव्हतेच. फसलो, याची शरम होती. बारा वर्षांच्या संयमाला एका पेटीने मूर्ख ठरवले होते.

रात्री चष्मा लावून मी त्या पेटीच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचली. बेसन, तूप, आणि तिसरे नाव माल्टोडेक्स्ट्रिन. स्टीव्हिया अगदी शेवटी, वेलचीच्या शेजारी. आता हे माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय? मक्याचे किंवा टॅपिओकाचे पिठूळ फोडून केलेली पांढरी भुकटी. जिभेला ती फारशी गोड लागत नाही, म्हणून तिला कुणी साखर म्हणत नाही. पोटात गेली की तिचे ग्लुकोज व्हायला वेळ लागत नाही, आणि रक्तातली साखर ती खऱ्या साखरेच्या तोडीने, कधी वरचढही चढवते. पेटीवर लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे होते. साखर नव्हतीच. साखरेचे काम करणारा दुसरा गडी मागच्या दाराने आत घेतला होता, आणि पुढच्या दारावर पहारेकरी म्हणून हिरवे पान चिकटवले होते.

असे का करावे लागते, हा हिशेब सोपा आहे. किलोभर बेसनाच्या लाडवाला पाऊण किलो पिठीसाखर लागते, हे कुठलीही गृहिणी सांगेल. स्टीव्हियाच्या पानातून काढलेले शुद्ध द्रव्य साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड. म्हणजे पाऊण किलो साखरेची गोडी तीन-चार ग्रॅमांत आली. ठीक. पण पाऊण किलो साखरेचे वजन कुठून आणायचे? लाडू वळायचा कशाने? साखर लाडवात नुसती गोडी देत नाही. ती भर देते, बांधा देते, रवाळपणा देते. त्या जागेवर काहीतरी भरावेच लागते, आणि जे स्वस्त ते भरले जाते. त्याशिवाय बेसन आणि तूप कुठे गेले? साखर पूर्ण वगळली तरी लाडू काही दुधी भोपळा होत नाही. चहासाठी मिळणाऱ्या छोट्या पुड्यांचीही तीच तऱ्हा. त्या एका ग्रॅमच्या पुडीत स्टीव्हियाचा अंश नखावर मावेल इतका. बाकी कुठे डेक्स्ट्रोज, कुठे माल्टोडेक्स्ट्रिन, कुठे एरिथ्रिटॉल. पुडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण चित्र न बघता यादी वाचून घ्या, इतकेच माझे मागणे.

आता दुसरी मखलाशी. या रोपाला आपल्याकडे 'गोड तुळस' म्हणतात. रोपवाटिकेतल्या पाटीवर तेच, पुड्यांवर तेच. वाचकहो, हे रोप तुळशीचे लांबचेही नातलग नाही. त्याचे कूळ शेवंतीचे, झेंडूचे, सूर्यफुलाचे. तुळशीचे नाव लावले की आपले हात आपोआप जुळतात आणि जुळलेल्या हातांनी यादी वाचता येत नाही, हे विकणाऱ्याला चांगले ठाऊक आहे. कुणी याच्या पुढे जाऊन सांगतात की, आपल्या आयुर्वेदात हिचा 'मधुपर्णी' म्हणून उल्लेख आहे. उल्लेख आहे, पण तो गुळवेलीचा! मधुपर्णी हे गुळवेलीचे जुने नाव, आणि गुळवेल किती कडू असते हे जिने तापात काढा प्यायला आहे तिला विचारा. कडू वेलीचे नाव चोरून गोड पानाला लावायचे आणि वर पूर्वजांची साक्ष काढायची! आमच्या पूर्वजांनी हे रोप पाहिलेच नव्हते. कसे पाहतील? ते होते सातासमुद्रापलीकडे, दक्षिण अमेरिकेतल्या पाराग्वे देशात, ब्राझीलच्या सीमेला लागून असलेल्या आमाम्बाय डोंगरांत.

तिथले गुआरानी लोक त्याला 'काआ हे-ए' म्हणजे गोड पाला म्हणत, आणि येर्बा माते नावाचा आपला कडवट पानांचा काढा त्याने गोड करून पीत. मोइसेस बेर्तोनी नावाचा एक स्विस मनुष्य तिकडे स्थायिक झाला होता. त्याने या लोकांकडून पानाची कीर्ती ऐकली आणि १८९९ साली शास्त्राच्या भाषेत वनस्पतीचे वर्णन छापले. ओविदिओ रेबाउदी या रसायनज्ञाने पानाची परीक्षा केली, म्हणून नाव पडले स्टीव्हिया रेबाउदियाना. पुढे १९३१ साली ब्रिदेल आणि लाव्हिएल या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी गोडीचे मूळ द्रव्य वेगळे काढले. नावात पाहा कोण कोण आहे: रेबाउदी आहे, आणि स्टीव्हिया या पहिल्या अर्ध्यात सोळाव्या शतकातला एस्तेवे नावाचा स्पॅनिश वनस्पतिज्ञ आहे, ज्याने हे पान जन्मात चाखले नसेल. ज्यांनी पिढ्यानपिढ्या चाखून, जपून, दुसऱ्याला दाखवले ते गुआरानी मात्र नावातही नाहीत आणि नफ्यातही नाहीत. त्यांच्यातल्या पाई ताविटेरा आणि काइओवा या लोकांनी २०१६ साली एकत्र येऊन आपला वाटा मागितला. तोवर लागवडीत चीन कधीच पुढे निघून गेला होता. आता तर हे गोड द्रव्य पानाशिवाय, टाक्यांत यीस्ट पोसूनही तयार होते. पाकिटावर चित्र मात्र पानाचेच! या लोकांच्या ज्ञानावर उभा राहिलेला माल आपण 'आमच्या वेदांत होताच' म्हणून विकावा, ही मला दुहेरी चोरी वाटते.

आपल्या रानांनी आपल्याला काही दिलेच नाही असे नाही. सह्याद्रीत गुडमार नावाची वेल आहे. तिचे पान चघळून वर साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. काही वेळ जिभेला गोडच कळेनासे होते. वर्गात मी मुलांना हा प्रयोग करून दाखवीत असे आणि मुले आधी हसत, मग घाबरत. त्यांच्या रानाने गोडी देणारे पान दिले, आमच्या रानाने गोडी काढून घेणारे. ह्यांच्या दृष्टीने आमचे रान अधिक कर्तव्यदक्ष, पण ते असो.

आता एक कायद्याची गंमत. अमेरिकेने १९९१ साली या पानाला आयातीची बंदी केली. १९९५ साली बंदी सैल केली ती अशी की, पूरक आहार म्हणून पान विका, पण ते पदार्थ गोड करण्यासाठी आहे असे म्हणू नका. जे पान दोन दातांखाली धरताच गोड लागते, त्याने आपली गोडी लपवून राहायचे! २००८ साली त्याच अमेरिकेने पानातून काढलेल्या शुद्ध द्रव्याला वाट मोकळी केली, युरोपने २०११ साली, आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली. अख्खे पान मात्र अमेरिकेत अजूनही बाहेरच उभे आहे.

इथे मला माझ्याच पक्षाचे कान धरायला हवेत. अख्ख्या पानाला दार बंद ठेवणाऱ्यांचे म्हणणे असे की, मूत्रपिंड, हृदय, गर्भधारणा यांवर पानाचा परिणाम काय, याचा पुरेसा पुरावा नाही. हे म्हणणे खोटे नाही. शुद्ध द्रव्याची तपासणी झाली आहे, रोज किती चालेल याचे प्रमाणही ठरले आहे; पानाचे तसे नाही. माझा प्रश्न एवढाच की, पुरावा का नाही? जे पान कुंडीत येते, फांदी खोचली की फुकट वाढते, त्याच्या तपासणीवर पैसे कोण ओतणार? ज्यातून पाकीट निघते त्याचीच परीक्षा होते, आणि ज्याची परीक्षा झाली तेच शुद्ध ठरते. तरीही पुरावा नाही तो नाहीच. म्हणून मी हे पान औषध म्हणून कुणाला देत नाही. दिवस राहिलेल्या मुलीला देत नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्याला म्हणते, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, "चहात दोन पाने ना? घाला. पण गोळी चालूच राहील, आणि लाडवाची सूट नाही." आमच्या घरी दिवसाकाठी सुकलेले पान एक ग्रॅमही पडत नाही.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, बाई, मग एवढा खटाटोप कशाला? तर तो खटाटोप किती थोडा आहे हेच सांगायचे आहे.

माझे पहिले रोप जुलैत मेले. आमच्याकडच्या पावसाने कुंडीत पाणी साचले आणि मुळे कुजली. दुसरे प्रेमाने मेले. रोज पाणी घातले. तिसऱ्या वेळी मी तांबडी माती, वाळू आणि शेणखत सारखे घेतले, कुंडी विटांवर उचलून ठेवली, पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीखाली सरकवली, आणि वरची माती कोरडी दिसल्याखेरीज पाण्याचा तांब्या हातात घ्यायचा नाही अशी शपथ घेतली. ते जगले. बियांच्या नादी लागू नये. बी बारीक, फोल जास्त. एकट्या रोपाचे तर धरतच नाही म्हटले तरी चालेल, कारण त्याला परके पराग लागतात. वीतभर फांदी, तीन-चार पेरांची, खालची पाने काढून ओल्या वाळूत खोचावी आणि सावलीत ठेवावी. तीन आठवड्यांत मुळे धरतात. मूळ रोप तीन-चार वर्षांत म्हातारे होते, म्हणून लेक आधीच तयार ठेवावी. आमची सध्याची आहे ती नात.

या रोपाची एक खोड आहे. दिवस लहान झाला की ते फुलावर येते. पुष्कळ जातींना तेरा तासांच्या आतला दिवस लहानच वाटतो, आणि आमच्या सांगलीचा सर्वांत मोठा दिवसच मुळी तेराच्या थोडासा पुढे जातो. त्यामुळे इथे ते सदा लग्नाच्या घाईत. नवरात्र संपते न संपते तोच शेंड्यांवर बारीक पांढऱ्या कळ्या दिसू लागतात. फुले उमलली की पानांतली गोडी उतरते, म्हणून कळ्या दिसताच शेंडे खुडावेत, आणि नेमके त्याच वेळी पानांची मुख्य तोड करावी. जमिनीपासून चार बोटे ठेवून कापले तरी परत फुटते. पाने सुती कापडावर सावलीत पसरावीत. एका-दोन दिवसांत कुरकुरीत झाली पाहिजेत. रेंगाळली तर काळी पडतात आणि गोडी कमी होते. देठ टाकून द्यावेत, त्यांत फारसे काही नसते. वर्षाच्या तीन तोडींत दोन कुंड्यांमधून एक कॉफीची बाटली गच्च भरते. दोन माणसांच्या चहाला ती पुरून उरते. तिच्यावर छापलेली यादी नसते, कारण तिच्यात पानाशिवाय दुसरे काही नसते.

वापराचेही सांगते. दोन कप चहाला तीन-चार ताजी पाने किंवा चिमूटभर चुरा, तो चहापत्तीबरोबर टाकावा, फार उकळू नये. फार उकळले किंवा हात सैल सुटला की मागून ज्येष्ठमधासारखी कडसर चव येते आणि घशात रेंगाळते. आले, गवती चहा घातला की ती दबते. कोकमाच्या सरबतात तर ती कळतच नाही. आमसुलाचा आंबटपणा, जिरे, सैंधव या मंडळींत ती निमूट बसते. लिंबाच्या सरबतातही बरी. जपानमध्ये १९७० नंतर लोकांनी हे द्रव्य लोणच्यांत आणि खारवलेल्या पदार्थांत घातले, त्यामागेही काहीसे असेच शहाणपण असावे.

आणि जिथे चालत नाही तिथे चालवू नये. मी चालवून पाहिले आहे. या पानाच्या पाण्याला जन्मात तार येणार नाही; एकतारी नाही आणि दोनतारीही नाही. पाकातले लाडू, चिक्की, चिरोट्यांवरचा पाक यांचे नाव काढू नये. अनारशाच्या पिठाला गूळ किंवा साखर हवीच; त्याशिवाय जाळी पडत नाही. श्रीखंडात घातले तर चक्का चक्काच राहतो, साखरेने जसा सैलावतो तसा सैलावत नाही. एकदा मी आवळ्याचा मोरावळा केला आणि आठव्या दिवशी बरणीवर पांढरी लव आली. यायचीच. मोरावळा टिकतो तो साखरेने पाणी बांधून ठेवल्यामुळे. नुसत्या गोडीने बुरशी फिरकायची थांबत नाही. दोन किलो आवळे गच्चीवरच्या झाडांना गेले. झाडांनी तक्रार केली नाही.

तेव्हा माझी तक्रार नीट समजून घ्या. या पानाला साखर करू नका. त्याला साखर करायला निघालात की त्याच्या पाठीवर भुकट्या लादाव्या लागतात, आणि शेवटी भुकट्याच पोटात जातात. 'बिनसाखरेची दिवाळी' अशी जाहिरात आता दसऱ्यापासूनच सुरू होते. चोवीस प्रकारची मिठाई, सगळी मधुमेही माणसाला चालणारी! एका पाहणीनुसार भारतात मधुमेहाची माणसे १० कोटींच्या वर आहेत. २०२३ साली तो आकडा प्रसिद्ध झाला. १० कोटी आजारी माणसे असा अर्थ आपण घेतला. मिठाईवाल्याने १० कोटी गिऱ्हाइके असा घेतला.

कुणाला वाटेल की उसाच्या पोरीने उसाच्या मुळावर यावे हे बरे नव्हे. माहेरी हे ऐकून झाले आहे. ऊस पाणी किती पितो आणि ते कुणाच्या विहिरीतून, हे माझ्या भावाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. त्याचे भांडण वेगळे आहे आणि ते माझ्या दोन कुंड्यांनी मिटणार नाही. माझ्या चहातल्या दोन पानांनी कुठल्या कारखान्याचे धुराडे विझायचे नाही.

खरा आक्षेप दुसराच आहे, आणि तो माझ्या विरुद्ध जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशा गोड द्रव्यांवर भिस्त ठेवू नका. त्यात स्टीव्हियाही आली. ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांच्यासाठी ती सूचना नाही, असेही त्यांनी म्हटले आहे. म्हणजे आमचे हे तिच्यातून सुटले, पण मी सुटले नाही. आणि मला ती सूचना मनापासून पटते. जीभ जर पूर्वीइतकेच गोड मागत राहिली, तर आज पान, उद्या पुडी, परवा लाडू हे व्हायचेच. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये असे आपण म्हणतो. पाल्याच्या बाबतीत तरी आपण दुसरे काय चालवले आहे?

आमच्या घरी काय झाले ते सांगते. ह्यांचा पूर्वी दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे रोजचे चाळीसेक ग्रॅम, वर्षाचे चौदा किलोंच्या पुढे. दुखणे कळल्यावर साखर एकदम तोडली आणि त्यापायी चार वर्षे घरात कुरबूर चालली. शेजारच्यांच्या घरी 'सहज' चहाला जाणे वाढले. पान आल्यावर ते जाणे थांबले. आधी चार पाने लागत, मग तीन, आता दोन. मीही त्यांच्याबरोबर तोच चहा पिते, कारण एकाच घरात दोन किटल्या म्हणजे एकाला रोज शिक्षा. पान कुंडीतून स्वतः खुडून आणावे लागते, म्हणून मोजून आणले जाते. गच्चीचे सोळा जिने चढायचे असले की चौथ्या पानाची आठवण होत नाही. पुडी हाताशी असती तर दोनाच्या चार झाल्या असत्या हे मी ह्यांच्या तोंडावर सांगते, आणि ते नाही म्हणत नाहीत.

बरे, एक पान कमी झाल्याने काय झाले? झाले ते असे की मागच्या वर्षी एका लग्नात बासुंदीची वाटी समोर आली तेव्हा ह्यांनी दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारली. संयमाने नव्हे. म्हणाले, "फार गोड आहे हो." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

दिवाळीचा आमचा नियम आता साधा आहे. लाडू घरचा, खऱ्या तुपाचा, खऱ्या साखरेचा, सुपारीहून जरा मोठा. पाडव्याला एक, भाऊबीजेला एक, तोही जेवणाच्या बरोबर आणि भाताला कात्री लावून. डॉक्टरांना विचारून ठरवले आहे. वेगळ्या बशीत नाही, वेगळ्या पेटीत नाही. ज्या ताटात सगळ्यांचे तिथेच ह्यांचे. तो लाडू हे इतके सावकाश खातात की नातवंडांचे फटाके संपतात तरी ह्यांच्या बोटांवर बेसन असते.

वन्संशी त्या वर्षी थोडी बोलाचाली झाली होती. पेटीची यादी मी त्यांना फोनवरून वाचून दाखवली, ते जरा चुकलेच; त्यांना वाटले मी त्यांच्या मायेची झडती घेते आहे. दोन दिवाळ्या त्या येताना पेढेही आणीनात आणि काही बोलेनात. परवा त्यांचा फोन आला. त्यांचीही साखर आता काठावर आली आहे. जरा थांबून म्हणाल्या, "वहिनी, यंदा येताना काय आणू?"

म्हटले, "काही नको. एक रिकामी कुंडी आणा, फांदी लावून ठेवली आहे. आणि कुंडीला खाली भोक आहे ना, ते तेवढे बघून घ्या."